जर्मनीत पियानो वाजवायला आणि शिकवायला येणाऱ्यांसाठी

लाइपझिगमध्ये मला सतरा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात पुण्या-मुंबईहून, गोव्याहून पियानो शिकायला आलेलं कुणी ना कुणी भेटतं आणि मी जिथे ठेचाळले नेमकं तिथेच ठेचाळतं. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या आठव्या ग्रेडला फार मान. इथे ती पद्धतच नाही. देशात २४ सरकारी संगीत होखशूले, म्हणजे संगीताच्या उच्च शिक्षणाच्या संस्था आहेत आणि परीक्षकांसमोर तुम्ही काय आणि कसं वाजवता यावर प्रवेश ठरतो. साधारणपणे बाखचं एक प्रील्यूड-फ्यूग, एक क्लासिकल सोनाटा, एक रोमँटिक रचना, एखादं एत्यूद (तंत्राच्या सरावासाठीची रचना) आणि विसाव्या शतकातलं काहीतरी तयार लागतं. शिवाय कानाची, म्हणजे ऐकून सूर-ताल ओळखण्याची परीक्षा असते. आपली मुलं वाजवण्यात कमी पडत नाहीत, तिथे पडतात. पुण्यात असतानाच रोज अर्धा तास त्यासाठी द्या. फीचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी ती नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात.

जर्मन भाषा बी-टू, म्हणजे मध्यम पातळीच्या थोडं वरपर्यंत तरी हवीच. आणि एक लक्षात ठेवा, आपण ज्या सुराला ‘बी’ म्हणतो त्याला जर्मन ‘हा’ म्हणतात, आणि त्यांचा ‘बे’ म्हणजे आपला बी फ्लॅट. माझ्या पहिल्याच तासाला आठ वर्षांची मुलगी समोर होती. मी ‘बे’ म्हणत होते, ती बिचारी पुन्हा पुन्हा काळी पट्टी दाबत होती आणि मी तिला पुन्हा पुन्हा चूक म्हणत होते. दाराशी उभ्या आईने मला हळूच सांगितलं तेव्हा मला घाम फुटला.

आता मुख्य गोष्ट. हे दोनदा वाचा.

शिक्षण संपवून स्वतंत्र काम सुरू केलंत की त्याच महिन्यात केएसकेकडे (क्युन्स्टलरझोत्सियालकासे) नोंदणी करा. ही स्वतंत्र कलाकारांसाठीची सरकारी व्यवस्था. आजारपण, दीर्घकाळची शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्हींच्या विमा हप्त्यांचा फक्त अर्धा वाटा तुम्ही भरता. उरलेला काही केंद्र सरकार आणि काही कलाकारांना काम देणाऱ्या संस्था भरतात. वर्षाला कामातून ३९०० युरोंच्या वर मिळकत लागते, पण पहिली तीन वर्षं नवोदितांना ही अट नाही.

मी तीन वर्षं नोंदणी केली नाही. इथल्याच एका मराठी ओळखीच्यांनी ठामपणे सांगितलं होतं, ‘ते मैफली करणाऱ्यांसाठी, तू तर मुलांना शिकवतेस.’ ते सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि मी कायदा वाचण्याऐवजी त्यांचं ऐकलं. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की जो कला निर्माण करतो, सादर करतो किंवा शिकवतो तो कलाकार. विमा सुरू होतो तो तुम्ही कळवल्या दिवसापासून. मागची वर्षं परत मिळत नाहीत. तेव्हा मी एका संगीतशाळेत तासांवर शिकवत होते. उजव्या मनगटाच्या कंडरेला सूज आली आणि डॉक्टरांनी दोन महिने पियानोला हात लावू नका म्हणून सांगितलं. शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळत असल्यामुळे दोन्ही महिने खात्यात एक युरो आला नाही. आई-बाबांकडून पैसे मागवावे लागले. नोंदणी झाल्यावरसुद्धा आजारपणाचे पैसे सातव्या आठवड्यापासून मिळतात, म्हणून सहा आठवड्यांचा खर्च कायम बाजूला ठेवा. अजून विद्यार्थी व्हिसावर असाल तर खाजगी शिकवण्या घेण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी घ्या.

अशा तासांवरच्या करारांबद्दल २०२२ मध्ये सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने निकाल दिला. हेरेनबर्गच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेतली एक पियानोशिक्षिका स्वतंत्र व्यावसायिक नसून नोकरदार आहे, असं ठरलं. तेव्हा शाळेत काम धरताना नोकरीचा करार मागा. मागायला लाजू नका. खाजगी विद्यार्थ्यांशी लेखी करार करा आणि वर्षाची फी बारा समान हप्त्यांत घ्या, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतही घरभाडं निघेल.

शिकवावं लागतंय म्हणजे कलाकार म्हणून हरलो, असं मनात आणू नका. प्रसिद्ध पियानोवादक क्लारा शूमान याच लाइपझिगची. नऊ वर्षांची असताना तिने इथल्या गेवांडहाउस या मैफलींच्या सभागृहात वाजवलं, आयुष्यभर मैफली केल्या आणि साठीच्या उंबरठ्यावर, १८७८ साली, फ्रँकफर्टच्या होख कॉन्झर्वेटरी या संगीत विद्यालयात ती शिकवायला लागली. पुढेही ती मंचावर वाजवत राहिली. सकाळ मात्र जपा. मुलं शाळा सुटल्यावर, दुपारी दोननंतर येतात. सकाळचे तीन तास स्वतःच्या रियाजाचे, त्यात कुणालाही वेळ देऊ नका. मैफलींची सुरुवात चर्चमधून होते. प्रवेश विनामूल्य असतो आणि जाताना लोक दाराशी टोपलीत पैसे टाकतात. गायकांची साथ करायला शिका. भराभर नोटेशन वाचणाऱ्याला इथे काम कमी पडत नाही.

गणेशोत्सवात मंडळ वाजवायला बोलावेल. जा, आनंदाने वाजवा. पण त्याच मंडळातल्या मुलांना फुकट शिकवू नका. एकाला नाही घेतलेत तर दुसऱ्याला वाईट वाटतं, आणि दोन वर्षांनी तुम्हीच थकता.

शेजाऱ्यांना पियानो येण्याआधी भेटा. २०१८ मध्ये केंद्रीय न्यायालयाने एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात साधारण मर्यादा सांगितली आहे, कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी व सुट्टीला एक-दोन, तेही दुपारच्या आणि रात्रीच्या शांततेच्या वेळा सोडून. हेडफोनवाला डिजिटल पियानोही खालच्या घरात ऐकू जातो, कारण पट्ट्यांची धडधड लाकडी जमिनीतून उतरते. खाली जाड रबरी चटई घाला.

आणि केएसकेचा अर्ज विल्हेल्म्सहाफेनला जातो. सोबत पुरावे लागतात. मैफलीची पत्रकं, विद्यार्थ्यांचे करार, दिलेली बिलं. चर्चच्या दारावर चिकटवलेला तुमचा पहिला साधा कागदही काढून आणा आणि फाइलला लावा.