अंगाला बसणारी हलकी एअर रायफल आणि तिला मानवणारा छर्रा

भाची तेरा वर्षांची असताना आम्ही तिच्या हातात मोठ्यांची मॅच रायफल (सामन्यात वापरतात ती एअर रायफल) दिली. घरच्या काट्यावर रायफलीचं वजन ४.८ किलो भरलं होतं. पंधरा-वीस गोळ्या नीट जायच्या, मग कंबर मागे झुकायची, उजवा खांदा वर यायचा आणि गोळ्या डावीकडे खाली पसरायला लागायच्या. "श्वास धर, घाई करू नकोस," असं आम्ही तिला महिनाभर सांगत राहिलो. ती एवढंच म्हणायची, "मामा, ही मला ओढते." पोरीचं खरं होतं. चूक रायफलीच्या मापाची होती आणि आम्ही ती तिच्या माथी मारत होतो.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून मुलांना रेंजवर घेऊन येणारे पालक मला पुष्कळ भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रायफल कुठल्या कंपनीची घेऊ? मी आधी मुलाची उंची विचारतो. कंपनीचं नंतर बघता येतं. रायफल मुलाच्या अंगाला बसवणं आणि मग त्या रायफलीला मानवणारा छर्रा शोधणं ही दोन कामं याच क्रमाने केली, तर मध्यम किमतीची जुनी रायफलसुद्धा उत्तम चालते.

आधी थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिमीचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला लागली की दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण वाढतो आणि शेवटी १०.९ वर थांबतो. सामना ६० गोळ्यांचा. वाईट छर्ऱ्यामुळे गोळीमागे सरासरी ०.१ जरी गेला, तरी ६ गुण गेले. राज्य पातळीवर ६ गुणांत कितीतरी नावं वरखाली होतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. ४.५ मिमी कॅलिबरची आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच रायफलीतून अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, ऊर्जा ८ जूलच्याही खाली राहते. ओळखपत्र देऊन अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती जपा, प्रवासात ती जवळ हवी. आणि ही रायफल वाडीतली माकडं किंवा पाखरं हाकलायला कधीही बाहेर काढू नका. वन्यजीवांची शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाला हत्यार हाताळायची शिस्त घरातूनच लागते. रायफल हातात आली की आधी बोल्ट (छर्रा भरायची जागा उघडणारा खटका) उघडायचा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घालायचा, तोंड कायम टार्गेटकडे. हे अंगवळणी पडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी पहिली : वजन उतरवणं

नियमाने १० मीटर रायफल साइट (नेम धरायची कडी आणि भोक) आणि सिलिंडर (दाबाखालच्या हवेचं नळकांडं) धरून जास्तीत जास्त ५.५ किलोची चालते. ही वरची मर्यादा आहे. तिथवर पोचायलाच हवं, असा गैरसमज मुलांमध्ये फार आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला साडेतीन ते चार किलो पुरे, आणि मोठ्या जर्मन-ऑस्ट्रियन कंपन्या ज्युनिअरसाठी आखूड, हलकी मॉडेलं बनवतातही.

हाताशी मोठीच रायफल असेल तर काय निघतं ते बघा. नळीवरची आणि दस्त्याखालची जादा वजनं आधी काढा. मग त्याच कंपनीचा आखूड सिलिंडर मिळतो का विचारा, त्याने बरंच वजन उतरतं. एकदा भरलेल्या हवेत गोळ्या कमी सुटतात खऱ्या, पण सरावात मध्ये एकदा हवा भरली की काम भागतं. लाकडी दस्ता तासून हलका करायच्या फंदात पडू नका, आणि नळी, हवेचा व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंग यांना तर हातच लावू नका. छर्ऱ्याचा वेग कारखान्यात बांधलेला असतो, तो वाढवून नेम सुधारत नाही.

वजन उतरलं की तोल बघा. रायफल दोरीच्या फासात आडवी टांगा आणि ती कुठे सरळ राहते तिथे खडूने खूण करा. उभ्या पोझिशनमध्ये डाव्या हाताचा आधार त्या खुणेच्या जवळपास यायला हवा. कोपर बरगडीला किंवा कंबरेच्या हाडाला टेकलेलं, म्हणजे भार हाडांवर जातो, स्नायूंवर नाही. मात्र पुढचं टोक अगदीच हलकं झालं तर साइट बारीक थरथरते. तसं दिसलं तर नळीवर ५० ग्रॅम परत चढवा, बघा, लागलं तर आणखी ५०. भाचीची रायफल शेवटी ३.९ किलोवर स्थिरावली.

माझी कसोटी साधी आहे. रिकामी रायफल चाळीस वेळा उचलून दर वेळी बारा-पंधरा सेकंद नेम धरायचा. चाळिसाव्या वेळीही खांदे पहिल्यासारखेच सपाट दिसले, तर वजन बरोबर.

पायरी दुसरी : अंगाला बसवणं

हे काम शूटिंग जॅकेट घालूनच करा. जॅकेट जाड असतं, साध्या शर्टावर घेतलेलं माप त्यावर चुकतं. हाताशी ॲलन की, पेन्सिल आणि वही ठेवा. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक माप आधीच्या मापावर अवलंबून असतं.

बट प्लेटपासून, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागापासून, सुरुवात करा. मुलाला मान ताठ ठेवून उभं करा आणि रायफल तुम्ही त्याच्या खांद्यावर आणून ठेवा. मान खाली घालून गाल लावावा लागत असेल तर प्लेट खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येईल. त्यानंतर दस्त्याची लांबी. ग्रिप (मूठ) धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर काटकोनात पडलं पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर लांबी कमी करा किंवा ट्रिगरच मागे घ्या.

मग चीक पीस, म्हणजे दस्त्यावरचा गाल टेकवायचा भाग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मुलाने डोळे मिटायचे, गाल टेकवायचा, मान सैल सोडायची आणि मग डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या भोकातून पुढची कडी बरोबर मधोमध दिसली, तर उंची बरोबर. वरखाली दिसली तर चीक पीस हलवा, मान नाही. हे दहा वेळा करून दहाही वेळा तेच दिसलं पाहिजे. डोळा आणि मागची साइट यांत पाच ते दहा सेंटिमीटर अंतर राहू द्या.

शेवटी पावलं. डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, उघडल्यावर नेम टार्गेटच्या डावीकडे गेलेला असेल तर हाताने ओढून आणायचा नाही. मागचं पाऊल किंचित सरकवायचं. हाताने ओढलेला नेम ट्रिगर दाबताना आपल्या जागी परत जातो, आणि मग मूल म्हणतं, "मी तर दहावरच धरलं होतं."

पुढच्या साइटची कडी फार बारीक घेऊ नका. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड ठळक दिसली पाहिजे. ४ मिमीच्या आसपासच्या कडीने सुरुवात करावी. बारीक कडीने नेम अचूक वाटतो, पण डोळा लवकर थकतो. १० मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, तरी नवख्याला अगदी हलका ट्रिगर देऊ नका. बोट टेकल्याचं कळायच्या आत गोळी सुटली, तर मूल ट्रिगरला भ्यायला लागतं.

प्रत्येक मापावर पेन्सिलची खूण आणि वहीत आकडा. वाढत्या वयात दर तीन-चार महिन्यांनी हे पुन्हा करावं लागतं.

पायरी तिसरी : छर्रा शोधणं

दोन रायफली एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या असल्या तरी दोघींना एकच छर्रा मानवेल असं नाही. नळीच्या आतल्या मापात सूक्ष्म फरक असतो, आणि छर्ऱ्याच्या डोक्याचं मापही ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत वेगवेगळं मिळतं. त्यातही एकाच डब्याचं नाव, तोच रंग, पण लॉट (एका वेळी बनलेला माल) बदलला की ग्रुप (कार्डावर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते) बदलतो. म्हणून "अमुक खेळाडू हाच वापरतो" हे कारण पुरेसं नाही. त्याच्या नळीने तो निवडलेला आहे, तुमच्या नळीने नाही.

चार ते सहा प्रकार गोळा करा. आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅच घ्या, आणि शक्य असेल तर प्रत्येकाची दोन डोकेमापं. सगळे डबे विकत घ्यायची गरज नाही. रेंजवर इतरांकडून पंचवीस-तीस छर्रे मागा, लोक आनंदाने देतात. डब्यावरचा लॉट नंबर मात्र लिहून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया.

चाचणी खांद्यावरून करायची नाही. त्यात मुलाची थरथर मिसळते आणि छर्ऱ्याचं काही कळत नाही. क्लबकडे बेंच वाइस (टेबलाला बसवलेला शिकंजा) असेल तर रायफल दस्त्यातून काढून ॲक्शनला (नळी आणि ट्रिगर बसवलेल्या धातूच्या भागाला) लाकडी किंवा रबरी गादी देऊन घट्ट धरा. नळीला पकडू नका, ती दबते. वाइस नसेल तर टेबलावर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावून मोठ्या, स्थिर हाताच्या माणसाने बसून मारावं.

छर्रा बदलला की पहिल्या पाच गोळ्या मोजायच्या नाहीत, आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीतून निघून जाऊ द्या. मग एका कोऱ्या कार्डावर दहा गोळ्या. पाच गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, योगायोगाने पाच एका भोकात गेलेल्या मी अनेकदा बघितल्या आहेत आणि पुढच्या पाचांनी तोंडघशी पाडलं आहे. प्रत्येक प्रकाराचे असे तीन ग्रुप घ्या, पण सलग नको. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, म्हणजे हवेचा दाब उतरणं किंवा मारणाऱ्याचा थकवा एकाच प्रकाराच्या वाट्याला येत नाही.

प्रत्येक छर्रा भरण्याआधी मागचा घेर बघा. चेपलेला असेल तर बाजूला ठेवा. बोटाने सरळ बसवा, तिरका बसला की गोळी बाहेर जाणारच.

मोजताना व्हर्नियर घ्या. ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ४.५ वजा केलं की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरून ६ मिमीच्या आत आला, तर तो लॉट सोडू नका. ७ पर्यंत सरावाला चांगला. ८ च्या पुढे गेला तर तो डबा तुमच्या रायफलीसाठी नाही, दुसऱ्या कोणाच्या रायफलीत तोच कदाचित सुंदर चालेल. एखादी गोळी लांब गेली म्हणून ती वगळू नका. वाइसमधून मारलेली असेल तर ती छर्ऱ्याचीच गोळी आहे, सामन्यातही तशीच जाणार.

भाचीच्या रायफलीत सगळ्यात महागडा डबा ७.८ वर थांबला. एका मित्राकडून मागून आणलेला त्याच्या जवळपास निम्म्या किमतीचा छर्रा, डोकं ४.४९, तिन्ही ग्रुप ६ च्या आत. तेव्हापासून मी किंमत बघून छर्रा सुचवणं सोडलं.

निवडलेले दोन प्रकार शेवटी मुलाच्या हातून, त्याच्या पोझिशनमध्ये, चाळीस-चाळीस गोळ्या मारून बघा. कुठला कुठला ते त्याला सांगू नका. मग साइट झिरो करा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी लावा, आणि साइटच्या स्क्रूच्या एका क्लिकने गोळी किती सरकते ते स्वतः मोजून वहीत लिहा.

हवा आणि शिसं यांचं थोडं

मॅच रायफलीचा सिलिंडर बहुधा २०० बारवर भरतात. फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही भरू नका, तेलाच्या अंशाशी त्याचा स्फोट होतो. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, त्यापासून बहुधा दहा वर्षांची मुदत. सेकंडहँड रायफल घेताना मी रायफलीआधी ती तारीख वाचतो, मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही आणि नवा स्वस्त नाही.

छर्रे शिशाचे आहेत. सराव झाला की हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, आणि छर्रा ओठांत धरायची सवय दिसली तर तिथल्या तिथे थांबवा.

मनासारखा लॉट सापडला की निदान वर्षभराचे डबे एकदम उचला. दिवसाला ६० गोळ्या, आठवड्यात चार दिवस सराव धरला तर वर्षाला साडेबारा हजार छर्रे लागतात, म्हणजे ५०० चे पंचवीस डबे. पावसाळ्यात आमच्याकडे दमट हवेने शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, म्हणून डबे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि खाली आपटू देऊ नका. पाच-सहा डबे उरले की नव्या लॉटची चाचणी सुरू करा, सामन्याच्या आदल्या आठवड्यात नाही.