सेल्फ पोर्ट्रेट करताय? आधी घरातली ट्रंक उघडा

स्वतःचं मिक्स्ड मीडिया पोर्ट्रेट, म्हणजे कापड, कागद, रंग असं सगळं मिसळून केलेलं चित्र, करायचं असेल तर आरशासमोर बसायच्या आधी घरातली जुनी ट्रंक उघडा, कारण आपण कोण ते नाकाडोळ्यांपेक्षा तिथेच जास्त सापडतं. मी आजीच्या कुणबी साडीचा तांबडा चौकडीचा तुकडा खांद्यावर चिकटवला, केसांना मराठी शाळेतल्या वहीची पानं आणि ओठांजवळ आईने कोकणीत लिहिलेली बाजाराची यादी, घरात बोलणं कोकणी नि वाचणं मराठी असंच वाढलोय ना आपण गोवेकर. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, पातळ कागद फेविकॉलने वाकतो. फोटोची प्रिंट लेसरवालीच काढा, इंकजेटची शाई ओल्या गोंदात पसरते, माझा पहिला चेहरा त्यातच गेला. चित्रातल्या त्वचेसाठी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) माती फडक्यातून गाळून थोड्या फेविकॉलमध्ये कालवा, आपल्या देवळांतल्या भिंतींवरच्या कावी नक्षीकामाचा तांबडा रंग पण ह्याच मातीचा, फार जिवंत दिसतो. ऑइल पेस्टल एकदम शेवटी, त्याच्या तेलकट थरावर ॲक्रिलिक रंग धरत नाही. आणि पावसात करत असाल तर प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, ओलं तसंच काचेच्या फ्रेममध्ये घातलं की बुरशी धरते.