आयडल गेमचा शीण येऊ लागला असेल तर

खेळाडूने हात लावला नाही तरी आकडे वाढत राहतात, म्हणून आयडल गेम विरंगुळ्याचे वाटतात. तरीही काही आठवड्यांत अनेकांना त्यांचे ओझे वाटू लागते. यात खेळाडूची चिकाटी कमी पडत नसते. हा शीण खेळाच्या गणितातच असतो. ते गणित नीट समजले, तर खेळ न सोडताही तो आपल्या सोयीने खेळता येतो.

ज्युलियँ थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ च्या ऑगस्टमध्ये आणलेला ‘कुकी क्लिकर’ घेऊ, कारण पुढच्या बहुतेक आयडल गेमनी त्याचाच साचा उचलला. त्यात कुकी जमवायच्या आणि त्याच खर्चून कुकी बनवणारी साधने विकत घ्यायची असतात. कुकी भाजणारी पहिली आजी १०० कुकींना मिळते आणि दर सेकंदाला १ कुकी देते, म्हणजे तिची किंमत १०० सेकंदांत वसूल होते. पुढची प्रत्येक आजी आधीच्या आजीपेक्षा १५ टक्क्यांनी महाग असते. त्यामुळे अकराव्या आजीला सुमारे ४०५ कुकी पडतात आणि एक्कावन्नाव्या आजीला सुमारे १,०८,००० कुकी मोजाव्या लागतात. अपग्रेड, म्हणजे उत्पन्न वाढवणाऱ्या सुधारणा, बाजूला ठेवले तर तीही सेकंदाला एकच कुकी देते, म्हणून तिची वसुली व्हायला जवळजवळ ३० तास लागतात. अपग्रेडमुळे हा काळ अधूनमधून आखडतो आणि खेळ पुन्हा धावू लागल्यासारखा वाटतो; पण पुढच्या खरेद्यांबरोबर किमती पुन्हा उत्पन्नाच्या पुढे निघून जातात.

म्हणून कोणतीही खरेदी करण्यापूर्वी तिच्या किमतीला तिच्यामुळे वाढणाऱ्या दर सेकंदाच्या उत्पन्नाने भागावे आणि वसुलीचा काळ काढावा. हाती असलेल्या पर्यायांपैकी ज्याची वसुली सर्वांत लवकर होते, तो आधी घ्यावा. त्या खरेदीपुरत्या कुकी जमायला किती वेळ लागेल, हेही पाहावे. तो वेळ तासांच्या घरात गेला असेल तर त्या बैठकीत करण्यासारखे काही उरलेले नाही, असे समजून उठावे. परत कधी यायचे ते या हिशेबावरून आपण ठरवावे. खेळाच्या सूचनांना ते ठरवू देऊ नये. मोबाइलवरील आयडल गेमच्या सूचना तर पहिल्याच दिवशी बंद कराव्यात.

खरी कसोटी सोनेरी कुकीची असते. ती काही मिनिटांच्या अंतराने केव्हाही उगवते, साधारण १३ सेकंदांत नाहीशी होते आणि वेळेत टिपली तर बऱ्याचदा ७७ सेकंदांसाठी उत्पन्न सातपट करते. आपोआप चालणाऱ्या खेळासमोर माणूस तासन्‌तास बसून राहतो, तो हिच्यापायी. माझे स्पष्ट मत असे आहे, की इतर काम करताना खेळ शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवायचा असेल तर सोनेरी कुकी सोडून द्यावी, कारण तिच्यावर डोळा ठेवून दुसऱ्या कशातही लक्ष लागत नाही.

सर्व काही पुसून नव्याने सुरुवात करण्याची सोय, म्हणजे असेन्शन, घाईने वापरू नये. तिच्या बदल्यात प्रेस्टिज पातळ्या, म्हणजे नव्या सुरुवातीनंतरही टिकणारी बढती, मिळतात. पहिली पातळी एक लाख कोटी कुकींना मिळते, दुसरीसाठी एकूण आठ लाख कोटी लागतात आणि दहावीसाठी हजार लाख कोटी. दोन-चार पातळ्यांसाठी सगळे पुसले तर पदरात फारसे काही न पडता तीच सुरुवातीची चढण पुन्हा चढावी लागते, आणि पुष्कळ जण इथेच कंटाळतात.

मोबाइलवर जाहिरात पाहून उत्पन्न दुप्पट करण्याचा पर्याय पुढे येतो, तेव्हा आपला वेळच किंमत म्हणून मोजला जात असतो. ‘क्लिकर हीरोज’ या दुसऱ्या आयडल गेमच्या निर्मात्यांनी दुसरा भाग फुकट देऊन आत पैसे घेण्याऐवजी एकरकमी किमतीला विकण्याचे ठरवले, आणि त्यामागचे कारण नैतिक असल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. हा निर्णय मला मोलाचा वाटतो.

नवा खेळ निवडताना त्याला शेवट आहे का, हे आधी पाहावे. फ्रँक लँट्झ यांचा २०१७ मधील ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ विश्वातील सर्व द्रव्याच्या पेपरक्लिप झाल्यावर खरोखर संपतो, आणि टप्प्याटप्प्याने त्याचे रूपही बदलत जाते.

चालू खेळ थांबवायचा असेल आणि केलेली मेहनत वाया जाईल ही भीती आड येत असेल, तर ‘कुकी क्लिकर’च्या ऑप्शन्समध्ये जाऊन सेव्ह, म्हणजे खेळातील प्रगतीची नोंद, एक्स्पोर्ट करावा. तेथे मिळणारी अक्षरांची लांबलचक ओळ एखाद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवावी. ब्राउझरचा साठा पुसला गेला तरी ती ओळ इम्पोर्ट केली, की खेळ सोडला होता तेथूनच सुरू होतो.