जुनी काँकर्ड टपालगाडी जपायची कशी

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील काँकर्ड गावी लुईस डाउनिंग यांनी १८१३ मध्ये गाड्या बांधण्याचा व्यवसाय सुरू केला आणि जे. स्टीफन्स ॲबट यांच्या साथीने १८२७ मध्ये तेथे पहिली काँकर्ड कोच ही प्रवासी व टपाल वाहणारी घोडागाडी तयार झाली. सुमारे एक टन वजनाच्या या गाडीचा सांगाडा लोखंडी कमानींवर नव्हे, तर बैलाच्या कातड्याचे थर एकावर एक रचून केलेल्या दोन लांब पट्ट्यांवर तोललेला असे. त्यामुळे खडबडीत वाटेवर ती आदळण्याऐवजी पुढेमागे झुलत असे. आत तीन बाकांवर नऊ प्रवासी बसत. टपालाच्या थैल्या आणि सामान पुढच्या व मागच्या कप्प्यांत जाई. वेल्स फार्गो या वाहतूक कंपनीसाठी अशा तीस गाड्या १८६८ मध्ये रेल्वेने ओमाहाला रवाना झाल्या, आणि पुढच्याच वर्षी दोन किनारे जोडणारा लोहमार्ग पूर्ण होऊन लांब पल्ल्याच्या मार्गांवरील त्यांचे महत्त्व संपले. तरीही त्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. काही आडमार्गांवर धावत राहिल्या, तर काही खेळवाल्यांच्या हाती गेल्या. घोडेस्वारी व नेमबाजीचे खेळ गावोगाव दाखवणाऱ्या बफेलो बिलच्या प्रसिद्ध खेळातली डेडवुड कोच याच घराण्यातली.

अशी गाडी ताब्यात आल्यावर रंगाचा डबा उघडण्याआधी कॅमेरा काढावा. प्रत्येक बाजू, सांधा, खिळा आणि रंग उडालेली प्रत्येक जागा यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि भागांवर कोरलेला कारखान्याचा क्रमांक शोधावा. गाड्या बांधणाऱ्या कंपनीची कागदपत्रे न्यू हॅम्पशायर हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. हा क्रमांक हाती असला, तर गाडी मूळ कोणासाठी बांधली गेली याचा माग लागण्याची शक्यता असते.

त्यानंतर भार उतरवावा. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या गाडीचे वजन चामडी पट्ट्यांना ताणत राहते आणि चाकांच्या एकाच भागावर येते. म्हणून आखाखाली आणि सांगाड्याखाली मजबूत लाकडी आधार देऊन चाके जमिनीपासून केसभर वर ठेवावीत. लाकूड सुकून धाव (चाकाभोवतीची लोखंडी पट्टी) सैल झाली असेल, तर आपल्याकडे बैलगाडीचे चाक पाण्यात भिजवत तसा उपाय येथे मुळीच करू नये. फुगलेले लाकूड पुन्हा आकसताना आरे अधिकच खिळखिळे होतात, धाव गंजते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. खोलीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राखली, तर निम्मे काम आपोआप होते.

चामड्याच्या बाबतीत उत्साह सर्वाधिक घातक ठरतो. बोट लावताच तांबडी भुकटी लागत असेल, तर चामड्याचे तंतूच नष्ट होऊ लागले आहेत. तेल चोळल्याने ते जिवंत होत नाही, उलट काळे पडते, चिकट होते आणि धूळ धरते. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे अल्कोहोलमधील पातळ द्रावण अशी भुकटी बांधून ठेवते, पण तेही जाणकार संवर्धकानेच (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञानेच), न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घेऊन वापरावे. बाकांच्या कापडात आणि घोड्याच्या केसांच्या भरावात कसर व किडे लागतात, म्हणून शिवणी दर काही आठवड्यांनी विजेरीच्या प्रकाशात तपासाव्यात.

रंगाविषयी माझे मत ठाम आहे: पुन्हा रंगवू नये. दारांवरील निसर्गचित्रे जॉन बर्गम यांच्यासारख्या कलाकारांनी हाताने काढलेली असत, आणि नंतर खेळवाल्यांनी चढवलेला भडक थरही त्या गाडीच्या आयुष्याचाच भाग असतो. तो खरवडून ‘मूळ’ रूप शोधायला निघालेल्यांच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत. जुन्या रंगांत शिसे आणि पारा असू शकतो, त्यामुळे कोरडे घासकाम करणे आरोग्यालाही धोक्याचे आहे. धूळ मऊ कुंचल्याने सैल करून, नळीच्या तोंडाला जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. सुटलेले पापुद्रे मात्र संवर्धकासाठी तसेच ठेवावेत. लोखंडावरील गंज रंगाला धक्का न लावता काढून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. गाडीवरील प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंद, ठेवावा आणि खिडक्यांना अतिनील किरण अडवणारा पडदा लावावा.

मिरवणुकीसाठी गाडी मागणारे लोक येतातच. त्यांना नव्याने बांधलेली प्रतिकृती दाखवावी. जुन्या पट्ट्यांवर प्रवाशांचा भार पुन्हा टाकण्याची परवानगी कोणालाही देऊ नये, आणि हलवणे अटळच असेल तर गाडी आधारासह बंद ट्रकमधून न्यावी.