रिव्हर्स उशिरा पडतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे बघा

माझा ट्रक म्हणजे शेव्हरोलेटचा पिकअप, २००४ सालचा सिल्वेराडो. ५.३ लिटरचं इंजिन, ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि काट्यावर दोन लाखांवर मैल. मिनेसोटातल्या जानेवारीत सकाळी दांडा 'आर'वर टाकला की स्वारी विचार करत बसायची. एक, दोन, तीन, चार... आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा धाडकन झटका. पुढचा गिअर मात्र लगेच पडायचा. जवळच्या एका वर्कशॉपने साधा प्रेशर गेजही न लावता सांगितलं, बॉक्स उघडावा लागेल, ३,२०० डॉलर. मी ट्रक घरी आणला.

कोल्हापूरला काकांच्या गॅरेजमध्ये सुट्ट्या घालवल्यात. काकांचं एकच म्हणणं असे: आधी ऑइल बघ, मग अक्कल पाजळ. पण ऑइलच्याही आधी एक काम करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि दांडा टाकल्यापासून गिअर धरेपर्यंतचा वेळ मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. रात्रभर उभ्या गाडीवर एकदा, वीस मिनिटं चालवून गरम झाल्यावर एकदा. 'डी'चाही वेळ लिहून ठेवा. दीड सेकंदापर्यंत मी चिंता करत नाही. माझे आकडे: रिव्हर्स थंडीत चार सेकंद, गरम असताना अडीच, 'डी' दोन्ही वेळा सेकंदभर.

या आकड्यांवरूनच निम्मं कळतं. दोन्ही गिअर उशिरा पडत असतील तर ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप हवा ओढतोय. फक्त थंडीतच उशीर आणि गरम झाल्यावर ठणठणीत, तर बॉक्समधल्या क्लचच्या पिस्टनची रबरी सीलं कडक झाल्याचा संशय धरायचा. माझ्यासारखा फक्त रिव्हर्सच रेंगाळत असेल, आणि तोही गरम-थंड दोन्ही वेळा, तर रिव्हर्सच्या वाटेवरच शोधायचं.

एक सांगून ठेवतो: गिअर पडेना म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. फिरत्या इंजिनावर तो अचानक धरला की सगळा मार सन शेलवर बसतो, आणि तो पत्र्याचा डबा या बॉक्सचा जुना दुखरा भाग आहे. तो तुटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात. पहिला आणि तिसरा तेवढा उरतो. तुमची लक्षणं तशी असतील तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, बॉक्स उतरवावाच लागेल.

गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं ते इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, 'पी'मध्ये, बॉक्स गरम असताना. आधी ब्रेक दाबून दांडा प्रत्येक गिअरवर क्षणभर थांबवत फिरवून आणा. डिपस्टिकवर फेस दिसला तर फिल्टरच्या मानेचं सील तपासा. जुनं सील पंपात तसंच राहतं आणि नवं त्यावर नीट बसत नाही, हे सर्रास होतं. जळका वास आला तर मन घट्ट करा. माझं ऑइल लालसर, पातळी बरोबर. दांड्याची केबलही बघून घ्या. 'आर'मध्ये दांडा किंचित मागेपुढे केल्यावर गिअर पटकन धरला तर दोष केबलच्या अ‍ॅडजस्टमेंटचा, बॉक्सचा नाही.

आता जरा आतलं. या बॉक्समध्ये रिव्हर्ससाठी दोन क्लच लागतात: पुढच्या बाजूचा रिव्हर्स इनपुट आणि मागचा लो-रिव्हर्स. यातला दुसरा दांडा '१'वर असतानाही काम करतो, इंजिन ब्रेकिंगसाठी. तेव्हा मोकळ्या रस्त्यावर '१'मध्ये ताशी २५ किलोमीटरपर्यंत जा आणि पाय उचला. गाडी इंजिनाने ओढून धरली तर लो-रिव्हर्स शाबूत. नुसती घरंगळत राहिली तर दोष तिकडे. माझी चांगली ओढून धरत होती. म्हणजे उरलं काय, तर रिव्हर्स इनपुट क्लच, नाहीतर त्याच्यापर्यंत पोचणारं ऑइलचं प्रेशर. पहिल्यासाठी बॉक्स खाली, दुसऱ्यासाठी बहुतेक वेळा नाही. म्हणून गेज.

गेज ४०० पीएसआयपर्यंतचा घ्या, कारण रिव्हर्समध्ये प्रेशर ३०० च्या वर जाऊ शकतं. बॉक्सच्या ड्रायव्हरकडच्या अंगाला एक छोटा प्लग आहे, एक अष्टमांश इंची पाइप आट्यांचा. तो काढून गेज तिथे. होज एग्झॉस्टला चिकटू देऊ नका. चाकांपुढे-मागे ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर. पुढच्या गिअरमध्ये प्रेशरचा पट्टा ५५ ते १८९ पीएसआय, रिव्हर्समध्ये ६४ ते ३२४. माझ्याकडे आयडलवर 'डी'त ६०, 'आर'मध्ये जेमतेम ६६, आणि काटा थरथरत होता.

मग चावी बंद करून बॉक्सच्या उजव्या अंगाचा गोल इलेक्ट्रिक कनेक्टर काढला. प्रेशर कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचं, गणित उलटं असतं: १.१ अँपिअर करंट दिला की प्रेशर सर्वांत कमी, करंट शून्य झाला की सर्वांत जास्त. कनेक्टर काढल्यावर प्रेशर वर उसळलं आणि रिव्हर्स टपकन पडला, तर आधी सोलेनॉइड आणि वायरिंग बघा; पण थकलेली सीलंही जास्त प्रेशरखाली अशीच तात्पुरती साथ देतात, हे विसरू नका. प्रेशर भरपूर आणि तरी उशीर, तर रिव्हर्स इनपुट क्लचचं सील किंवा ड्रम गेलेला. माझ्याकडे तिसरंच. इंजिन १५०० आरपीएमवर दोन-तीन सेकंद धरलं तरी रिव्हर्समध्ये काटा १७० च्या आसपास अडकला. (डॅशबोर्डवर लाइट लागेल, कोड नंतर पुसा.)

प्रेशर चढतच नाही, आणि रिव्हर्समध्ये हवं त्यापेक्षा फारच कमी पडतं. अशा वेळी पहिला संशयित बूस्ट व्हॉल्व्ह. पंपातल्या प्रेशर रेग्युलेटरच्या खाली एका बुशात बसलेला हा व्हॉल्व्ह रिव्हर्समध्ये प्रेशर चढवतो. झिजला की ऑइल बाजूने निसटतं. आणि नशीब असं, की तो खालूनच निघतो.

दांड्याच्या केबलचा ब्रॅकेट सोडवा, मग चेंबरचे, म्हणजे बॉक्सखालच्या ऑइलच्या थाळ्याचे, सोळा बोल्ट. चेंबर एका कोपऱ्यातून तिरका उतरवा, नाहीतर आंघोळ. चुंबकावर राखाडी मऊ लेप असणारच, तो चालतो. धातूच्या कपच्या किंवा क्लचचा काळा भुगा असेल तर नवा व्हॉल्व्ह घालून काही साधणार नाही. फिल्टर ओढून काढला की शेजारीच बुश दिसतं, एका सर्क्लिपने धरलेलं, मागे जोरदार स्प्रिंग. बुश स्क्रू ड्रायव्हरने वर दाबून धरा, मग सर्क्लिप काढा, चष्मा घालूनच. माझी सर्क्लिप गॅरेजच्या कुठल्या कोपऱ्यात गेली ते अजून सापडलेलं नाही. आतले भाग निघतील त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने कापडावर मांडा, फोटो काढा. जुना व्हॉल्व्ह बुशात हलवून बघितला तर चक्क डुगडुगत होता.

नवा व्हॉल्व्ह, नवा फिल्टर आणि सील, चेंबरचे बोल्ट ११ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही. डेक्स्रॉन सहा ऑइल सुमारे पावणेपाच लिटर, पण थोडं थोडं ओतून पातळी बघत. पुन्हा गेज लावला: आयडलवर रिव्हर्स १०५. सकाळी उणे अठरात स्टॉपवॉच सव्वा सेकंदावर थांबलं.

आठवड्याने पुन्हा पातळी बघा आणि चेंबरच्या कडेवर बोट फिरवा. माझ्या मागच्या उजव्या कोपऱ्यात ओल होती. एक बोल्ट हातानेच लावून घट्ट करायचा राहिला होता.