अडकलेलं बॉनेट: ओढण्याआधी दाबा

बॅटरी उतरली होती आणि बॉनेट उघडत नव्हतं. डॅशबोर्डखालचा लिव्हर मी एकदा ओढला, दोनदा ओढला, तिसऱ्यांदा पाय रोवून ओढला आणि त्याची प्लास्टिकची मूठच हातात आली. मूळ दुखणं खटक्यातल्या गंजाचं होतं; त्यात माझ्या घाईनं मोडक्या लिव्हरची भर घातली. त्यानंतर घरच्या आणि नातेवाइकांच्या मिळून सहा-सात गाड्यांची बॉनेटं मी उघडली. नुसत्या जोरावर एकही उघडलं नाही.

आत काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. बॉनेटच्या खालच्या बाजूला एक लोखंडी कडी असते. ती रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीतल्या खटक्यात बसते आणि खटक्यातला आकडा तिला धरून ठेवतो. लिव्हर ओढला की केबलमधली पोलादी तार आकड्याला बाजूला खेचते, अगदी सायकलच्या ब्रेकसारखी. मग स्प्रिंग बॉनेटला बोटभर वर उचलते. आता गंमत अशी, की ही स्प्रिंग आणि कडेचे रबरी ठोकळे बंद बॉनेटलाही सतत वर रेटत असतात. म्हणजे कडी आकड्यावर ताणून बसलेली असते. आकडा गंजानं जड झाला किंवा तार जराशी लांबली, की लिव्हरची ओढ त्या ताणापुढे कमी पडते.

म्हणून ताण आधी काढायचा. एकानं आत बसून लिव्हर पूर्ण ओढून धरावा. झटके देऊ नयेत, धरूनच ठेवावा. दुसऱ्यानं बॉनेटच्या पुढच्या काठाजवळ, मधोमध, खटक्याच्या बरोबर वर दोन्ही तळहात टेकवून खाली दाबावं आणि पटकन सोडावं. पाच-सहा वेळा करा. तळहात पसरून ठेवा. बोटांच्या टोकांनी किंवा मुठीनं पत्र्याला पोचा पडतो. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त बॉनेटं इथेच सुटली. एकटेच असाल तर लिव्हर ओढलेल्या स्थितीत दोरीनं बांधा, मग बाहेर या.

फटीत पेचकस घालून उचकटायचा मोह होईल. घालू नका. कडी सुटत नाही, काठ मात्र वाकतो आणि रंग उडाला की तिथेच गंज धरतो.

दाबून जमलं नाही, तर लिव्हर हाताला कसा लागतो ते नीट बघा. जड असेल तर आकडा आखडलेला आहे. पुढच्या जाळीतून खटका दिसत असेल तर लांब नळीनं गंज सोडवणारं तेल त्यावर मारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि दाबण्याचा प्रयोग पुन्हा करा. लिव्हर अगदी सैल, निर्जीव लागत असेल तर तार तुटली आहे किंवा केबलची बाहेरची नळी तिच्या खाचेतून निसटली आहे. तार लिव्हरच्या टोकाला तुटली असेल तर काम सोपं आहे: तिचं टोक शोधा, पकडीत घट्ट धरा आणि तार ज्या दिशेनं जाते त्याच रेषेत ओढा.

खटक्याच्या टोकाला तुटली असेल तर जाळीतून किंवा खालून पोचावं लागतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि चावी काढा. तरीही पंख्यापासून हात लांबच ठेवा; काही गाड्यांत तो चावी बंद असतानाही फिरू लागतो. खाली शिरायचं तर गाडी पक्क्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. आकडा कोणत्या बाजूला ढकलायचा ते त्याच मॉडेलच्या उघड्या गाडीत आधी पाहून ठेवा. अंधारात चाचपडताना रेडिएटरच्या नाजूक पात्या सहज वाकतात.

उघडलं? आता लगेच बंद करू नका. एकदा आनंदात मी ते आपटलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बॉनेट वरच ठेवून पेचकसाच्या दांड्यानं आकडा ‘खट’ होईपर्यंत दाबा, आतून लिव्हर ओढा, सुटतो का पाहा. तीन-चारदा सहज सुटला पाहिजे. जुनं काळं ग्रीस ब्रशनं आणि तेलानं काढा, फडक्यानं पुसा, नवं ग्रीस लावा. नुसतं पातळ तेल फार दिवस टिकत नाही. शेजारचा सुरक्षेचा खटकाही स्वच्छ करा. बोटानं सरकवून सोडला की तो आपोआप जागेवर परतला पाहिजे. मुख्य खटका चालत्या गाडीत सुटला, तर बॉनेट काचेवर उलटण्यापासून तोच वाचवतो. तो परतत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

केबलचा भरवसा नसेल तर बदलेपर्यंत खटक्याच्या दांडीला एक मजबूत तार बांधा आणि तिचं टोक जाळीमागे, हाताला लागेल पण पंख्याला लागणार नाही असं अडकवा. मग बॉनेट वीतभर उंचीवरून सोडा आणि काठ वर ओढून पाहा. हललं तर ते फक्त सुरक्षेच्या खटक्यावर अडकलंय. उघडून पुन्हा सोडा.