व्हॉट्सॲपवर कामगारांना शिकवताय? मग या चुका टाळा

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे कारखाने घ्या, जालन्याच्या स्टील मिल घ्या नाहीतर लातूरच्या डाळमिल. लाईन तिथं व्हॉट्सॲप ग्रुप, आणि ग्रुप तिथं ‘ट्रेनिंग’ हे आता ठरूनच गेलंय. मला ही पद्धत मनापासून पटते. वर्षातून एकदा माणसाला हॉलमध्ये कोंडून दिवसभर स्लाईड दाखवण्यापेक्षा रोजची दोन मिनिटं केव्हाही बरी. शिकलेलं माणूस सुरुवातीच्या थोड्या काळातच सगळ्यात जास्त विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडलं होतं. थोडं शिकवायचं, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा विचारायचं. खिशातला फोन या कामासाठी एकदम योग्य आहे. तरीही प्रत्येक ठिकाणी त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यांची किंमत शिकवणारा नाही, शिकणारा मोजतो.

जुना व्हिडिओ फिरत राहू देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून आधी हीच सांगतो.

वाळूजमधला एक छोटा वेंडर. दुचाकीच्या एका पार्टला होल मारायचं काम. फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात, तो कसा बसवायचा, याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलेला होता आणि तो चांगला होता. पुढं कस्टमरनं ड्रॉईंग बदललं, फिक्स्चरमध्ये पार्टची जागा पक्की करणारी नवी लोकेटिंग पिन आली आणि पार्ट उलट्या बाजूनं बसवायचं ठरलं. नवा व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, दिवसपाळीला मशीनजवळ समजावूनही सांगितलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

काही दिवसांनी रात्रपाळीला एक कंत्राटी पोरगा आला. त्या मशीनवर नवीनच. त्यानं ग्रुपवर विचारलं, “कुणीतरी सेटिंगचा व्हिडिओ टाका.” दुसऱ्या एका ऑपरेटरनं मदत म्हणून आपल्या गॅलरीतला व्हिडिओ लगेच पाठवला. तो जुना होता. आता नीट लक्ष द्या. जुना व्हिडिओ पुन्हा पाठवला की त्याच्यावर आजची तारीख आणि आत्ताची वेळ पडते, आणि तो ग्रुपमध्ये सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात नवा म्हणून दिसतो. पोरानं तो दोनदा बघितला आणि रात्रभर मन लावून काम केलं. नव्या ड्रॉईंगचं कच्चं कास्टिंग त्या फिक्स्चरमध्ये जुन्या बाजूनंही बसत होतं, म्हणून मशीननंही त्याला अडवलं नाही. सकाळी क्वालिटीवाल्यानं माप तपासायचं गेज लावलं तर अख्खा लॉट रिजेक्ट.

पोराला ऑफिसात बोलावलं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “सर, मी तर व्हिडिओ बघूनच करायलो होतो.” ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. त्याचा काडीचाही दोष नव्हता. त्यानं विचारलं, सांगितलं तसं बघितलं, बघितलं तसं केलं. आपण शिकवलेल्या गोष्टीचा जुना तुकडा कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहतो आणि नेमका चुकीच्या रात्री बाहेर येतो.

‘जुना डिलीट करू’ म्हणाल, तर तो उपाय अर्धाच आहे. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ फार तर दोन-अडीच दिवसांपर्यंत चालतं, आणि तेव्हाही ज्यांच्या गॅलरीत तो आधीच उतरलाय त्यांच्याकडे तो तसाच राहू शकतो. म्हणून मी ओळख व्हिडिओच्या आत घालतो. पुठ्ठ्यावर मार्करनं व्हिडिओचा नंबर, तारीख आणि ड्रॉईंगचा रिव्हिजन नंबर लिहायचा आणि पहिली काही सेकंदं तो पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरायचा. चालू व्हिडिओचा नंबर मशीनच्या पॅनेलवर चिकटपट्टीवर लिहून ठेवायचा. दोन्ही नंबर जुळले तर बघा, नाही जुळले तर मशीन सुरू करू नका, शिफ्ट इनचार्जला हाक मारा. नवा व्हिडिओ आला की जुन्याच्या नंबरासह ‘रद्द’ असा वेगळा मेसेज टाकायचा आणि तो पिन करायचा, म्हणजे ग्रुपच्या वर अडकवून ठेवायचा. पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो. म्हणून पगाराच्या दिवशी मी पिन बघतोच, म्हणजे तो विसरला जात नाही.

पुठ्ठ्याला नाकं मुरडणारे नवे एचआर मला खूप भेटले. त्यांना टायटल, म्युझिक, कंपनीचा लोगो हवा असतो. ते सगळं करायला आठवडा जातो आणि तोवर लाईनवर जुनंच चालू राहतं. पुठ्ठा लिहायला अर्धा मिनिट लागतो.

निळी टिक आली म्हणजे शिकला, असं धरून चालणं

ग्रुपमधल्या मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला, कुणाला नुसताच पोचला हे दिसतं. काही जण त्याचा स्क्रीनशॉट काढून ‘ट्रेनिंग रेकॉर्ड’ म्हणून फाईलला लावतात. हे मला अजिबात मान्य नाही. निळी टिक म्हणजे ग्रुप उघडला. अंगठा म्हणजे ‘साहेबांना दिसू द्या मी आहे’. यात शिकणं कुठं आलं?

लातूर भागातल्या एका डाळमिलमध्ये ओलावा मोजायच्या मीटरचा व्हिडिओ पाठवला होता. या मीटरला आधी सांगावं लागतं की आत तूर आहे की हरभरा. ते चुकलं तर येणारा आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर माल घ्यायचा की नाही, भाव काय लावायचा हे ठरतं. व्हिडिओखाली अंगठ्यांची रांग लागली. मी म्हटलं, आता तुरीचा नमुना घाला आणि मीटरच्या पडद्याचा फोटो पाठवा. फोटो आले तर बऱ्याच जणांच्या पडद्यावर हरभराच निवडलेला! तेवढ्या फोटोंनी जे कळलं ते अंगठ्यांनी कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून माझा नियम ठाम आहे. धडा पाठवला की उत्तर हाताच्या कामाचं मागायचं. पडद्याचा फोटो, पहिल्या पीसचा फोटो, नाहीतर ‘गेज अडकलं तर तू काय करशील’ यावर स्वतःच्या आवाजातला निरोप. मात्र उत्तर मला खाजगीत पाठवायचं, ग्रुपवर नाही. ग्रुपवर पहिल्या माणसाचं बघून बाकीचे तसंच पाठवतात, आणि ज्याला येत नाही तो लाजून गप्प बसतो. चुकलेल्या माणसाला मीही खाजगीतच फोन करतो. चारचौघांत चूक दाखवली की तो माणूस पुन्हा विचारत नाही, आणि न विचारणारा ऑपरेटर रात्रपाळीला फार धोक्याचा.

तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा विचारायचा. एका दिवसात सगळे धडे ओतून ‘ट्रेनिंग कम्प्लीट’ लिहिणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. घाई असेल त्यानं हे काम घेऊ नये.

वेळ चुकवणं

जालन्याकडं बियाण्याच्या कंपन्यांची फिल्डवरची माणसं कपाशीच्या क्रॉसिंगसाठी, म्हणजे संकरित बियाणं तयार करायला, गावोगाव फिरतात. कळीतले पुंकेसर दुपारनंतर काढायचे आणि परागीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी, असा त्या कामाचा क्रम. त्याची सूचना रात्री अकराला पाठवून काय उपयोग? दुपारच्या जेवणाआधी पोचली तर त्याच दिवशी हाताला लागते. कारखान्यातही तसंच. पाळी संपवून बसमध्ये पेंगणाऱ्या माणसाला धडा पाठवू नका, पाळी सुरू व्हायच्या आधी पाठवा. आणि साप्ताहिक सुट्टीला तर काहीच नको. तो दिवस त्याच्या घरच्यांचा आहे.

पुस्तकी भाषा

‘यंत्राचे परिचालन करण्यापूर्वी सुरक्षा उपकरणे परिधान करावीत’ असं आपल्याकडं कुणी बोलतं का? ‘मशीन चालू करायच्या आधी चष्मा, हातमोजे घाला’ एवढं पुरे. ऑफसेट, फिक्स्चर, गेज हे शब्द आहेत तसेच ठेवा, लाईनवर तेच चालतात. कॉम्प्युटरच्या आवाजात वाचून घेतलेली क्लिपही नको. ज्याला सगळे ओळखतात त्या जुन्या सेटर मामांना बोलू द्या. ते दहा वाक्यं बोलतील, त्यातली आठ कामाची असतील.

आवाजावर शिकवणं किती पुढं जाऊ शकतं हे बघायचं असेल तर आशा ताईंसाठीची मोबाईल ॲकॅडमी बघा. २०१२ मध्ये बिहारमध्ये सुरू झालेला हा अभ्यासक्रम पुढं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं इतर राज्यांतही नेला. साध्या बटणाच्या फोनवरून कॉल करायचा आणि डॉक्टर अनिता नावाच्या पात्राच्या आवाजात छोटे धडे ऐकायचे. प्रकरण संपलं की प्रश्न येतात. मध्येच फोन ठेवला तर पुढच्या वेळी धडा तिथूनच सुरू होतो. स्मार्टफोन नाही म्हणून स्वीपर मावशींना आणि वॉचमन काकांना ट्रेनिंगमधून वगळणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

उरलेल्या, पण रोज दिसणाऱ्या

ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) केली आणि मेसेज पोचतच नाही, अशी तक्रार नेहमी येते. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज मिळतो. आधी सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्या. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, हेही लक्षात ठेवा.

माप घ्यायच्या व्हर्नियरच्या रेघा व्हिडिओत पुसट दिसतात, कारण साधा पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. पण लांबलचक पाठवू नका, बहुतेकांचा दिवसाचा डेटा मोजका असतो आणि घरी पोरांनाही तोच फोन लागतो.

फोन गेटवर जमा करायला लावायचा आणि ‘मशीनसमोर व्हिडिओ बघून करा’ असं लिहायचं, हे दोन्ही एकाच कंपनीत चाललेलं बघितलंय. अशा ठिकाणी सुपरवायझरकडं एक टॅब द्या, नाहीतर व्हिडिओतले चार फोटो छापून मशीनला लावा.

बायकांचे नंबर मोठ्या ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर उघडे करू नका. पॅकिंगच्या ताईंना रात्री नको ते मेसेज येऊ लागतात, त्या कुणाला काही न बोलता ग्रुप सोडतात, आणि वर ‘लेडीजना इंटरेस्ट नाही’ असा शेरा बसतो. व्हॉट्सॲपवरच्या कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र बांधायच्या सोयीच्या) घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तो वापरा.

गुड मॉर्निंग, वाढदिवस, पक्षाचे बॅनर यांच्यासाठी वेगळा ग्रुप करा. ट्रेनिंगच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहील अशी सेटिंग ठेवा.

शेवटचं नव्या माणसाचं. ग्रुपमध्ये घेतलं म्हणजे आधीचे धडे त्याला आपोआप दिसत नाहीत, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मी चालू धड्यांची यादी नंबरासह एका वहीत ठेवतो. नवा ऑपरेटर आला की पहिल्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसतो, यादीतला एक धडा त्याच्या फोनवर पाठवतो आणि दोघं मिळून मशीनवर करून बघतो. यादी संपली की वहीत त्याची सही घेतो आणि त्यानंतरच त्याला ग्रुपमध्ये घेतो. जो काम सोडून जाईल त्याला त्याच दिवशी ग्रुपमधून काढतो.